जुन्या विज्ञानपटांचे रिमेक: गोष्टीचा करा, सिनेमाचा नको

काठावरचा (सांगली)

मंडळी, माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली भांडायला सोपं जाईल. जुन्या विज्ञानपटांच्या रिमेकला माझी हरकत नाही. पण तो करणाऱ्यानं मूळ गोष्टीकडे परत जावं, आणि पहिल्या सिनेमानं तिथं काय शिल्लक ठेवलंय ते बघावं. काही शिल्लक नसेल, आणि तेच प्रसंग नव्या कॅमेऱ्यानं परत काढायचे असतील, तर ते पैसे सरळ बँकेत ठेवावेत.

'द थिंग'चं घ्या. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची लघुकादंबरी १९३८ची. अंटार्क्टिकावरचा संशोधन तळ, बर्फात गोठलेला परग्रहावरचा जीव, आणि हा जीव कुठल्याही प्राण्याची, माणसाची हुबेहूब नक्कल करू शकतो. शेजारी बसून जेवणारा माणूस माणूसच आहे का, हे कुणाला सांगता येत नाही. यावर १९५१ साली पहिला सिनेमा निघाला, 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'. त्यांनी नेमकी नक्कलच काढून टाकली. तळ उत्तर ध्रुवाकडे नेला, आणि राक्षस म्हणजे वनस्पतीपासून बनलेला एक ताडमाड गडी. सिनेमा वाईट नाही, संवाद तर झकास आहेत, सगळे एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात. पण कॅम्पबेलच्या गोष्टीतला जीव कुणी हात न लावता तसाच राहिला. तो १९८२ साली जॉन कारपेंटरनं उचलला.

त्यातला रक्ततपासणीचा प्रसंग आठवा. संशयितांना जागेवर बांधून घातलंय. प्रत्येकाचं रक्त वेगळ्या काचेच्या बशीत काढलंय. नायक तांब्याची तार ज्वाळेवर तापवतो आणि एकेका बशीत बुडवतो. तर्क असा की त्या जिवाचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्राणी आहे, त्यामुळे रक्तसुद्धा स्वतःचा जीव वाचवायला धडपडणार. चुर्र आवाज, काही नाही. परत चुर्र, काही नाही. आपला संशय एका भलत्याच माणसावर, नायकही त्याच्याशीच वाद घालत हातातली बशी उरकून टाकतोय, आणि तीच बशी किंचाळून उसळते. ही तपासणी कॅम्पबेलच्या गोष्टीत आहे. १९५१च्या सिनेमात तिला जागाच नव्हती.

गंमत म्हणजे हा सिनेमा तेव्हा आपटला. २५ जून १९८२ला लागला. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता आणि सगळं जग त्या गोड पाहुण्यावर लट्टू होतं. त्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला, तोही पडला. आज दोन्हींची पारायणं होतात.

आता उलटं टोक. 'टोटल रिकॉल' १९९०चा, पॉल वर्होव्हनचा. २०१२च्या रिमेकमध्ये मंगळच नाही. मंगळाची स्वप्नं पडणाऱ्या माणसाच्या गोष्टीतून मंगळ वजा! त्याऐवजी पृथ्वीच्या पोटातून ब्रिटन ते ऑस्ट्रेलिया जाणारी महाकाय लिफ्ट. तीन स्तनांची बाई मात्र आठवणीनं ठेवली, कारण ती आधीच्या सिनेमातली लक्षात राहिलेली गोष्ट. याला मी सिनेमाचा रिमेक म्हणतो.

आणि एक राहिलेलं काम सांगतो. 'द डे द अर्थ स्टुड स्टिल', १९५१चा आणि २००८चा. मूळ कथा हॅरी बेट्सची, १९४०ची. तिच्या शेवटी कळतं की माणसासारखा दिसणारा पाहुणा मालक नव्हेच, मालक तो यंत्रमानव आहे. दोन्ही सिनेमांनी हा शेवट वापरलेला नाही. पहिल्याला अणुबॉम्बची धास्ती, दुसऱ्याला पर्यावरणाची काळजी. आजच्या दिवसांत, जिकडेतिकडे एआय चाललंय, हा शेवट तिसऱ्याला आयता पडलाय. कुणी उचलला तर पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

बोला आता.

हळदपेठ (सांगली)

रुमाल टाकून ठेवतो. सौदे उरकले की सविस्तर लिहितो.

यवतेश्वर (सातारा)

काठावरचा, छान मांडलंय. पण तुमची कसोटी अशा माणसाची आहे ज्यानं मूळ सिनेमा पाहिलाय. आम्ही कुठं पाहिला?

आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा असायचा. तिथं दारासिंगचा 'चाँद पर चढाई' बघितलेला आठवतो. १९६७चा. माणूस चंद्रावर उतरायला दोन वर्षं बाकी होती, आणि दारासिंग तिथं मारामारी करून परतही आला होता. हा आमचा विज्ञानपट. क्युब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' त्याच्या पुढच्याच वर्षीचा, पण मला तो कधी बघायला मिळाला? मुलगा नोकरीला लागल्यावर त्यानं आणलेल्या सीडीवर, घरच्या छोट्या टीव्हीवर. त्या यानात एक अंतराळवीर गोल चाकाच्या आतून पळत व्यायाम करतो, तो प्रसंग आहे बघा. ते चाक क्युब्रिकनं खरोखर बांधून घेतलं होतं, कित्येक टन वजनाचं, आणि ते सबंध फिरायचं. आमच्या टीव्हीवर तो माणूस मुंगीएवढा दिसत होता आणि मंडळी विचारत होत्या, याचं पळणं कधी संपणार.

१९९४ साली 'ज्युरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला तेव्हा खेडोपाडीची माणसं एसटीनं येऊन बघून गेली. शाळेतली पोरं वर्गात डायनासोरची नावं म्हणायला लागली, आणि मी शिकवायचो इतिहास! तेव्हा माझं म्हणणं एवढंच की रिमेकच्या आधी जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर दाखवा, मराठीत डब करून दाखवा. आमच्यासाठी ते नवेच आहेत.

दंडोबा (मिरज)

काका, आदर ठेवूनच सांगतो, मराठी डबिंग करून लावला तरी आमच्या होस्टेलवरची पोरं '२००१' बघणार नाहीत. सुरुवातीला वीसेक मिनिटं नुसती माकडं. एक शब्द नाही. मी स्वतः दोनदा झोपलो. (इनो घ्या.)

मुद्दा असा. मी २००५चा स्पीलबर्गचा 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' आधी पाहिला, शाळेत असताना, टीव्हीवर हिंदीत. तो आवडला म्हणून १९५३चा शोधला. त्यातनं कळलं की मूळ पुस्तक एच. जी. वेल्सचं, १८९८चं, मग ते वाचलं. रिमेक नसता तर मी त्या पुस्तकापर्यंत गेलोच नसतो. तेव्हा बिनडोक रिमेकसुद्धा चालेल, दार तर उघडतं.

आणि काठावरचा सर, तुमच्या कसोटीला इथं दुजोराच मिळतो. वेल्सच्या पुस्तकात मंगळवासीयांची यंत्रं तीन पायांची. १९५३मध्ये ते जमलं नसावं, त्यांनी हवेत तरंगणारी यंत्रं केली. २००५मध्ये तीन पाय परत आले. पहिल्यांदा ते जमिनीतनं वर येतं आणि भोंगा वाजवतं, त्या आवाजाला माझी आजी पदर तोंडाला लावून बसलेली.

पलूसचा_गडी

ह्ये बरं काढलंस भावा. वेल्सचं आमीबी वाचलंय, मराठीतनं. आता माझा रिमेक ऐका.

मंगळावरनं यान येतंय आन् पडतंय कुंडलच्या माळावर. साल १९४३. इंग्रज साहेब म्हणतोय ह्यो प्रतिसरकारवाल्यांचा नवा उद्योग असंल. नाना पाटलांची माणसं म्हणत्यात ही साहेबाची नवी तोफ. दोगं येकमेकावर नजर ठिवून बसल्यात आन् तिसराच येऊन दोगांची रानं जाळतोय. मग तुफान सेना रात्रीत रेल्वेचं रूळ उपटून त्या तीन पायांच्या वाटंवर आडवं टाकत्या. शेणोलीला रेल्वे लुटलेली माणसं हुती ती, त्यास्नी काय शिकवायचं? आन् पकडलेल्या मंगळवाल्याला प्रतिसरकारच्या शिक्षेपरमानं तळव्याला पत्र्या ठोकायच्या म्हटलं तर त्याला तळवंच न्हाईत. हितं गावसभा बसती, तासभर चर्चा.

नाद खुळा हुईल का न्हाई?

तानपुरा (मिरज)

पलूसचा_गडी, 😂😂 तळवे!

पण हसता हसता एक सांगते, ही कल्पना वेल्सच्या अगदी जवळची आहे. पहिल्याच प्रकरणात तो टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा दाखला देतो. युरोपातून आलेल्यांनी त्यांना पन्नास वर्षांत संपवलं, मग मंगळवासी आपल्याशी तसेच वागले तर तक्रार कुठल्या तोंडानं करायची, असा त्याचा सूर आहे. साम्राज्याला त्याचंच औषध पाजायचं हा पुस्तकाचा गाभा. दोन्ही अमेरिकी सिनेमांनी तो बाजूला ठेवला. एकदा कॅलिफोर्निया, एकदा न्यू जर्सी, दोन्हीकडे बिचारी साधी माणसं. ज्यांच्यावर साम्राज्य लादलं गेलं त्यांच्या बाजूनं ही गोष्ट अजून कुणी मोठ्या पडद्यावर सांगितलेली मी तरी पाहिली नाही. काठावरचा यांच्या भाषेत, शिल्लक आहे. भरपूर आहे.

आता माझी हरकत. सांगलीत बसून रिमेकला नाकं मुरडणं आपल्याला शोभत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं पहिलं नाटक केलं ते सीतास्वयंवर. प्रेक्षकातल्या पोरासोरांनाही शेवट पाठ होता! हरिपूरच्या देवलांचं 'झुंझारराव' म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो. साताऱ्याकडच्यांनी फार खूश होऊ नये, टेंभूच्या आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणला, 'विकारविलसित', तोही तुरुंगात बसून. आपली रंगभूमीच पुन्हा सांगण्यावर उभी आहे.

फरक एवढाच की नाटक प्रयोग संपला की संपतं. नवी 'शारदा' उभी राहिली म्हणून जुनी कुणी पुसत नाही, कारण जुनी तशीही उरलेली नसते. सिनेमाचं तसं नाही. जुना आणि नवा एकाच दुकानात शेजारी शेजारी उभे राहतात, आणि कधी कधी नवा जुन्याला दुकानातून हाकलतो. ही अतिशयोक्ती नाही. 'डॉ. जेकिल अँड मि. हाइड'चा १९३१चा सिनेमा पॅरामाउंटचा. एमजीएमला १९४१मध्ये आपला करायचा होता, म्हणून त्यांनी जुन्याचे हक्क विकत घेतले आणि प्रती बाजारातून उचलल्या. कित्येक वर्षं तो बघायलाच मिळत नव्हता. गंमत अशी की आज जाणकार त्या १९३१च्याच सिनेमाला वर ठेवतात. त्यात एकाच शॉटमध्ये, कट न करता, चेहरा डोळ्यांदेखत काळवंडत जातो. नटाच्या चेहऱ्यावर रंगीत मेकअप होता आणि रंगीत काच (फिल्टर) बदलत नेली होती. कृष्णधवल फिल्मवर एका काचेत तो रंग दिसत नाही, दुसरीत दिसतो.

तेव्हा रिमेक करा, पण आधी मूळ सिनेमाची प्रत नीट जपलेली, लोकांना मिळणारी असू द्या.

काठावरचा (सांगली)

तानपुरा, हे जेकिलचं भारी आहे. वाचनखूण साठवली.

खंबाटकी (सातारा, सध्या पुणे)

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या संगणकी इफेक्ट्सच्या कामात आहे म्हणून दोन शब्द. सुरुवात रोटोपासून केली. रोटो म्हणजे नटाची कड फ्रेम-न-फ्रेम कापून काढायची, केसासकट, म्हणजे मागं हवं ते घालता येतं. एका सेकंदाच्या चोवीस फ्रेम. हे काम जगभरचे सिनेमे आपल्याकडे पाठवतात, त्यामुळे तुम्ही ज्या रिमेकना शिव्या घालताय त्यातल्या काहींच्या कडा पुण्या-मुंबईत कापलेल्या असू शकतात. 🙏

काठावरचा यांनी २०११च्या 'द थिंग'चं नाव घेतलं नाही, मी घेतो. तो सांगायला १९८२च्या आधीची कथा, पण वागणूक रिमेकची. त्यासाठी यांत्रिक बाहुल्या बनवल्या होत्या, रबराच्या, मोटारी लावलेल्या, सेटवर नटांच्या समोर हलणाऱ्या. मग स्टुडिओनं ठरवलं आणि त्यातल्या बऱ्याचशांवर संगणकातले राक्षस चढवले. ते पातळ का दिसतात सांगतो. बाहुली सेटवर असते तेव्हा दिव्याचा उजेड तिच्या ओल्या कातडीवरून परतून नटाच्या गालावर पडतो. नटाची नजर नेमकी तिच्या तोंडावर असते. कॅमेरामन तिला घाबरून अर्धं पाऊल मागं सरकतो, तेही फिल्मवर येतं. नंतर तिला पुसून दुसरं काही घातलं की हे सगळे पुरावे जुन्या प्राण्याचे आणि प्राणी नवा. प्रेक्षकाला नाव सांगता येत नाही पण खोट कळते.

पण 'जुनं रबर चांगलं, संगणक वाईट' असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. त्याच बाहुल्या बनवणाऱ्यांनी पुढे लोकवर्गणी काढून फक्त प्रत्यक्ष इफेक्ट्सचा एक सिनेमा केला, 'हार्बिंजर डाउन'. राक्षस उत्तम, सिनेमा रटाळ. आणि दुसऱ्या बाजूला २०२३चा जपानी 'गॉडझिला मायनस वन'. इफेक्ट्सचं काम पस्तीस जणांनी केलं, आणि दिग्दर्शक यामाझाकी स्वतःच इफेक्ट्सचा प्रमुख. शॉट बघितला, तिथंच सांगितलं काय बदलायचं. आम्ही एकेक शॉट परदेशी पाठवून टिपणांची वाट बघत बसतो, आणि टिपण येतं 'जरा जास्त भीतिदायक करा'. रात्री अडीचला. म्हणजे किती जास्त? कुठं? असो.

त्या सिनेमाला २०२४ला इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, गॉडझिलाच्या सत्तर वर्षांत पहिल्यांदाच.

दंडोबा (मिरज)

खंबाटकी दादा, खतरनाक माहिती. एक विचारू? रोटोत शिरायला इंजिनिअरिंग पूर्ण करावं लागतं का? 😬

खंबाटकी (सातारा, सध्या पुणे)

पूर्ण कर. घरच्यांचा नंबर माझ्याकडे नाही हे तुझं नशीब.

हळदपेठ (सांगली)

आलो.

तुम्ही सगळे कलेवर बोलताय, मी धंद्यावर बोलतो. रिमेक का निघतात? आमच्या हळदीच्या सौद्यात 'राजापुरी' म्हटलं की पोतं उघडायच्या आधीच निम्मं गिऱ्हाईक वळतं. स्टुडिओला तेच हवं असतं. नवी कल्पना घेऊन गेलात तर दहा जणांना दहा वेळा समजावून सांगावी लागते. 'रोबोकॉप' म्हटलं की समजावणं संपलं, हक्क आधीच कपाटात आहेत, पोस्टर बघून लोक ओळखतात. मग गोष्टीत शिल्लक काय आहे हे बघतो कोण?

२०१४चा रोबोकॉप मी पाहिला. दिग्दर्शक ब्राझीलचा पदिल्या, हुशार माणूस. सुरुवात तेहरानच्या रस्त्यावर फिरणाऱ्या अमेरिकी यंत्रांनी केलीय. म्हटलं वा, १९८७ला वर्होव्हननं पोलीस खातं कंपनीला विकलं होतं, हा युद्ध विकतोय. पण पुढं सगळं सपक. जुन्यात मधेच खोट्या जाहिराती यायच्या आणि आपण हसता हसता चपापायचो, ते गेलं. रक्त पुसलं, कारण पोरांनाही तिकीट विकायचं होतं. मुद्दा नवा होता तरी उपयोग झाला नाही. तेव्हा काठावरचा, तुमच्या कसोटीनं निर्माता सुधारणार नाही. तो वसुली बघणार.

भडंग_आणि_भयपट (जयसिंगपूर)

मी एक मिठाचा खडा टाकू? रिमेकनं गोष्टीकडे परत जावं हे काठावरचा यांचं म्हणणं ऐकायला गोड आहे, पण त्याला दोन मोठी भोकं आहेत.

पहिलं भोक 'प्लॅनेट ऑफ द एप्स'. १९६८च्या सिनेमाचा तो जगप्रसिद्ध शेवट, समुद्रकिनारा, वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, पिएर बूलच्या कादंबरीत नाहीच. कादंबरीत नायक पृथ्वीवर परततो, पॅरिसला उतरतो आणि त्याला घ्यायला येतं ते वानर. २००१ला टिम बर्टननं रिमेक केला तेव्हा त्याचा शेवट कादंबरीकडे झुकणारा होता. परतला, तर लिंकनच्या जागी वानराचा पुतळा. म्हणजे तुमच्या कसोटीला उतरला. लोकांनी काय केलं? डोकं खाजवत बाहेर आले. रिक बेकरचा मेकअप अप्रतिम, बाकी शून्य.

दुसरं भोक 'द फ्लाय'. १९५८च्या सिनेमात माणसाचं डोकं आणि हात माशीशी अदलाबदल होतात, आणि तो मूळ कथेला बराच धरून आहे. १९८६ला डेव्हिड क्रोननबर्गनं ते सगळं फेकून दिलं. त्याचा शास्त्रज्ञ एकदम माशी होत नाही. पेशींच्या पातळीवर मिसळण झालीय, ती आजारासारखी हळूहळू उमटते. आधी अंगात ताकद येते, साखर लागते, मग नखं सुटतात, दात पडतात. आणि हा गळून पडलेले अवयव बाथरूमच्या कपाटात ओळीनं मांडून ठेवतो, संग्रहालय म्हणून, आणि प्रेयसीला विनोद करत दाखवतो! मला तो राक्षस कधीच भीतिदायक वाटला नाही, ते कपाट वाटतं. माझ्या घरात दीर्घ आजारपण झालंय, असला विनोद करणारा माणूस मी पाहिलाय. तेव्हा लोकांनी या सिनेमाचा संबंध एड्सशी लावला, दिग्दर्शकाच्या मनात आजारपण आणि म्हातारपण होतं. गोष्टीकडे परत गेला असता तर हे काहीच हाती लागलं नसतं.

प्रशासक

शेवट फोडल्याच्या तक्रारी आल्यात. धाग्याच्या शीर्षकात 'रहस्यभेद' असा इशारा जोडला आहे. १९६८च्या सिनेमाचा शेवट सांगणं हा नियमभंग धरावा का, यावर वेगळा धागा काढावा.

पलूसचा_गडी

पंचावन-साठ वर्सं झाली की ओ. आजून बघायचाय म्हणणाऱ्यानं आता काय करायचं ठरिवलंय?

काठावरचा (सांगली)

भडंग_आणि_भयपट, दोन्ही उदाहरणं चोख आहेत, पण माझ्या मते ती माझ्याच बाजूनं बोलतात. समजावतो.

बर्टननं कादंबरीतला शेवट उचलला, कादंबरी नाही उचलली. बूलच्या पुस्तकात वानरांचं शहर आहे, मोटारी आहेत, शेअरबाजार आहे, आणि माणसं पिंजऱ्यात. सगळं आपल्यासारखंच, म्हणून तो वानर विमानतळावर दिसला की पोटात गोळा येतो. बर्टनचे वानर जंगलात राहतात आणि शेवटी एकदम वॉशिंग्टन. शेपूट आणलं, प्राणी मागं राहिला. आणि याच मालिकेत २०११ला जे झालं ते बघा. अँडी सर्किसचा सीझर, पहिल्यांदा 'नो' म्हणतो तो क्षण. तिथं कुणी १९६८चा किनारा पुन्हा उभा केला नाही. वानर बोलायला लागला तर आधी काय बोलेल, हा गोष्टीतला न सुटलेला प्रश्न घेतला.

क्रोननबर्गचंही तेच. त्यानं कथेतले प्रसंग टाकले, पण कथेचा प्रश्न ठेवला: माणूस आणि माशी एक झाले तर आत कोण उरतं? १९५८ला हे विचारायला फुरसत नव्हती, डोक्यावरचं फडकं कधी निघतंय याकडेच सगळ्यांचं लक्ष. शिल्लक म्हणजे हेच.

भडंग_आणि_भयपट (जयसिंगपूर)

वा, म्हणजे जमला की गोष्टीचा आणि फसला की सिनेमाचा! अशी कसोटी मला पण द्या, परीक्षेत कामाला येईल.

तानपुरा (मिरज)

भडंग_आणि_भयपट +१. 😀

पण याच धर्तीचं एक उदाहरण मला खरंच आवडतं. 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'. शेंगांतून माणसांच्या प्रती उगवतात, चेहरा तोच, आठवणी त्याच, माया तेवढी नाही. १९५६चा लहान गावात घडतो, १९७८चा सॅन फ्रान्सिस्कोत. लहान गावात भीती ही की आपल्या ओळखीचं माणूस बदललं. सुरुवातीलाच एक बाई म्हणते, हे माझे काका नाहीत. सगळं काकांसारखं आहे, पण ते काका नाहीत. आमच्या पेठेत कुणी सकाळी दूध घ्यायला वेगळ्या वाटेनं गेलं तरी चार जणी विचारतात, त्यामुळे मला हे फार पटतं. मोठ्या शहरात भीती उलटी. तिथं कुणाचं कुणाकडे लक्षच नसतं, मग अर्धं शहर बदललं तरी कळणार कसं? एकच गोष्ट, जागा बदलली आणि भीती पालथी झाली. शिवाय १९५६चा नायक, केव्हिन मॅकार्थी, १९७८मध्ये क्षणभर येतो, अजून रस्त्यावर ओरडत पळतोय. आधीचा दिग्दर्शक डॉन सीगल टॅक्सी चालवताना दिसतो. याला म्हणतात मानानं बोलावणं.

हीच गोष्ट १९९३ आणि २००७ला पुन्हा झाली. शेवटची निकोल किडमनची पाहिली नाहीत तरी चालेल.

यवतेश्वर (सातारा)

मी थोडं विषयांतर करतो. जे झालं त्याचे रिमेक करताय, जे झालंच नाही त्याचं काय? सत्यजित राय यांनी १९६७च्या सुमारास 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती. बंगालमधल्या खेड्यातलं कमळांचं तळं, त्यात उतरलेलं यान, आणि एका गरीब मुलाशी दोस्ती करणारा परग्रहवासी. कोलंबिया कंपनी पैसे घालणार होती, पीटर सेलर्सशी बोलणं झालं होतं. सिनेमा झालाच नाही. 'ई.टी.' आल्यावर साम्य बघून पुष्कळ लोक चकित झाले, त्यात आर्थर क्लार्कही होते. तो राय यांच्या पटकथेवरून कुणी का करत नाही?

आणि आपले नारळीकर. कोल्हापुरात जन्मलेला माणूस. त्यांच्या कथांमध्ये गणिताचा मास्तर, खगोलशास्त्रज्ञ, पुण्याची बस, सगळं आपलं असतं. 'यक्षांची देणगी'तल्या कथांवर काय कमी खर्चात सिनेमे होतील! त्याला यानं उडवावी लागणार नाहीत, दोन माणसं एका खोलीत बोलली तरी पुरे.

हळदपेठ (सांगली)

सर, दोन माणसं खोलीत बोलणाऱ्या सिनेमाला पैसे घालणारा तिसरा माणूस शोधा, मी चौथा होतो. हे गंमतीनं नाही लिहीत. कॉलेजच्या पोरांनी अर्ध्या तासाची एखादी कथा केली तर जेवणखाण आणि लाइटचं भाडं माझ्याकडे लागलं. फक्त हक्काचं पत्र आधी घ्या, नंतर मला भानगड नको.

दंडोबा (मिरज)

स्क्रीनशॉट काढलाय. 🙌

खंबाटकी (सातारा, सध्या पुणे)

एक-दोन शॉट मी करून देईन. शनिवार-रविवारी, फुकट. फक्त 'जरा जास्त भीतिदायक करा' म्हणायचं नाही.

तानपुरा (मिरज)

ते होईल तेव्हा होईल. तोवर यवतेश्वर सरांचं पहिलं म्हणणं आपल्या हातातलं आहे. एखाद्या शनिवारी जुना आणि नवा पाठोपाठ बघायचा, मधे जेवण. पडदा आणि प्रोजेक्टर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आहे. पन्नासेक माणसं बसतील, खुर्च्या मात्र प्लॅस्टिकच्या. प्रदर्शनाच्या परवानगीचं काय लागतं ते मी विचारून ठेवते.

कुठली जोडी आधी? माझं मत 'बॉडी स्नॅचर्स', १९५६ आणि १९७८.

काठावरचा (सांगली)

'द थिंग'. १९५१ आणि १९८२. धागा कुणाचा आहे?

भडंग_आणि_भयपट (जयसिंगपूर)

'द फ्लाय'. आणि जेवण मधे ठेवू नका, आधीच उरकून घ्या.

पलूसचा_गडी

कायबी लावा, मी येतोय. पर सा वाजता सुरू म्हंजे साला सुरू करा, आमची शेवटची एसटी साडेधाला हाय.